गालिच्याची पाठ

आजचा माझा विषय हातानें विणलेल्या सतरंज्या आणि गालिचे व त्यांचे प्रकार हा आहे. विषय डोळ्यांचा आणि साधन मात्र कानांचें! येथें बसून मी आपल्याला रंग दाखवूं शकत नाहीं, कीं मऊ लवेवरून हात फिरविण्यास देऊं शकत नाहीं. परंतु ही अडचण एका परीनें सोयीचीच आहे. गालिचा घेणारा मनुष्य बहुधा रंगाला आणि मऊपणाला भुलतो. आज ह्या दोहोंचाहि मोह आपल्याला नाहीं. तेव्हां आपण गालिच्याकडे समोरून न पाहतां पाठीमागून पाहूं. विणकर त्याला ज्या दृष्टीनें ओळखतो ती हीच.

मला ही दृष्टि आली ती एका फसवणुकीमुळें. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या एका आप्तांनीं दिवाणखान्यासाठीं गालिचा घेतला. "अस्सल काश्मिरी आहे, हातानें केलेला आहे," असें विकणाऱ्यानें सांगितलें, आणि किंमतहि त्या मानानेंच घेतली. दोन पावसाळे गेले आणि गालिच्याखालून पिठासारखी भुकटी निघूं लागली. आम्हीं तो उलटा केला. पाठीवर एक जाडेंभरडें कापड चिकटविलेलें होतें; तें एका कोपऱ्यांत सुटलें होतें, आणि त्याच्याखालीं वाळून तडकलेला रबराचा थर होता. साऱ्या पाठीवर एकहि गांठ नव्हती. काश्मिरी हें नांव खोटें होतें. पण 'हातानें केलेला' हे शब्द मात्र खोटे नव्हते. तो हातानेंच केलेला होता, फक्त विणलेला नव्हता. करणें आणि विणणें ह्यांतील अंतर माझ्या आप्तांना ठाऊक नव्हतें, आणि त्या अज्ञानाची किंमत त्यांनीं रोख मोजली. त्यांच्या पैशापेक्षांहि मोठें नुकसान दुसऱ्याच कोणाचें झालें. तें कोणाचें, हें शेवटीं सांगतों.

जमिनीवर अंथरावयाच्या वस्त्रांना आपल्या भाषेंत नांवें पुष्कळ आहेत. घोंगडी, सतरंजी, जमखाना, जाजम, गालिचा, रुजामा, अशीं कितीतरी. पण नांवावरून वस्तूची जात कळेलच असें नाहीं. म्हणून आपण नांवें क्षणभर बाजूला ठेवूं आणि रचनेवरून तीन कुळें पाडूं.

पहिल्या कुळांत विणकाम मुळींच नाहीं. काश्मीरचा नमदा हें त्याचें उत्तम उदाहरण. पिंजलेली लोंकर चटईवर थरांनीं पसरतात, तिच्यावर पाणी शिंपडतात, मग ती गुंडाळून तुडवितात व लाटतात. ओलाव्यानें आणि दाबानें लोंकरीचे तंतू एकमेकांत गुंतून त्यांचें एक जाड पान तयार होतें. वर भरतकाम केलें कीं नमदा सजला. आपल्या दख्खनी मेंढ्यांच्या लोंकरीचें 'जेन' तयार होतें तेंहि ह्याच रीतीनें. नमदा उबदार आणि सुंदर असतो, परंतु त्यांत उभें सूत नाहीं आणि आडवेंहि नाहीं. म्हणून विणलेल्या वस्त्रांत त्याची गणना करतां येत नाहीं. विणलेला गालिचा म्हणून तो कोणी आपल्या गळ्यांत बांधूं लागला तर आपण तो घेऊं नये. नमदा म्हणून मात्र अवश्य घ्यावा.

दुसरें कूळ सपाट विणीचें. येथें मागावर उभीं सुतें ताणलेलीं असतात, त्यांना ताणा म्हणतात. आणि त्यांच्यामधून आडवें सूत खालींवर जातें, तो बाणा. आपली घोंगडी ह्याच कुळांतली. मेंढ्यांची लोंकर धनगर कातरतो, तिचें सूत कातलें जातें, चिंचोक्यांच्या खळीनें ताणा ताठ करतात आणि सणगर विणूं लागतो. घोंगडींत ताणा आणि बाणा दोन्ही आपल्याला दिसतात.

सतरंजींत मात्र एक निराळी गोष्ट घडते. विणकर बाण्याचें सूत सैलसर घालतो आणि पंज्यानें, म्हणजे दांते असलेल्या जड धातूच्या फणीनें, तें इतक्या जोरानें ठोकून बसवितो कीं ताणा सर्वस्वीं झांकून जातो. सतरंजीवर जो रंग दिसतो तो सारा बाण्याचा. ताणा आंतल्या आंत हाडासारखा राहतो. म्हणूनच चांगली सतरंजी दोन्ही बाजूंनीं सारखी दिसते आणि एक बाजू मळली म्हणजे ती उलटी अंथरतां येते. तिची मजबुती ठरते ती ठोकण्यावरून. नखानें बाण्याचें सूत सहज बाजूला सरकलें आणि आंतला ताणा उघडा पडला, तर विणकरानें हात राखून ठोकलें आहे असें समजावें.

रंग बदलतो त्या जागीं विणकर काय करतो, ह्यावरून सपाट विणीचे आणखी भेद पडतात. समजा, डावीकडे तांबडें सूत आहे आणि उजवीकडे निळें. तुर्कस्तान, इराण, कॉकेशस ह्या प्रदेशांत ज्यांना किलीम म्हणतात, त्यांच्या प्रसिद्ध प्रकारांत तांबडें सूत आपल्या सीमेपर्यंत येऊन परत फिरतें, आणि निळें आपल्या सीमेपासून परत जातें. दोहोंची गांठ पडत नाहीं. त्यामुळें तेथें एक बारीक उभी चीर राहते. किलीम उजेडासमोर धरला म्हणजे ह्या चिरा चमकतात. उभी चीर लांब झाली तर वस्त्र फाटेल. म्हणून किलीम विणणारी बाई सरळ उभी रेषा शक्यतों टाळते आणि नक्षी पायऱ्यापायऱ्यांनीं तिरकी नेते. किलीमांवरचे ते पायऱ्यांचे चौकोन आणि तिरप्या रेषा पाहून आपण तिच्या कल्पनेची वाखाणणी करतों. पण त्या नक्षीचें मूळ कल्पनेइतकेंच गरजेंत आहे. दुसऱ्या रीतींत दोन रंगांचीं सुतें सीमेवर एकमेकांत अडकवितात, किंवा दोन्ही एकाच ताण्याला वळसा घालून परततात. तेथें चीर पडत नाहीं. तिसरी रीत सुमाक नांवाची. तींत रंगीत सूत ताण्यांना वेढे घालीत पुढें जातें. त्यामुळें पुढची बाजू पेडासारखी दिसते आणि पाठीवर सुतांचीं टोंकें लोंबतात. म्हणजे सुमाक दोन्हींकडून वापरतां येत नाहीं.

सपाट विणीची आपल्या शेजारची एक परंपरा सांगितली पाहिजे. धारवाड जिल्ह्यांतील नवलगुंद येथें स्त्रिया उभ्या मागावर सुती जमखाने आणि नमाजाचे जानमाज विणतात. ही विद्या विजापूरच्या आदिलशाही अमदानींतील विणकरांबरोबर तेथें आली, असें परंपरा सांगते. मोर आणि सोंगट्यांचा पट ह्या त्यांच्या आवडत्या आकृती. तेलंगणांतील वारंगळ येथें सतरंज्या होतात, उत्तरप्रदेशांत मिर्झापुराकडे होतात, राजस्थानांत जोधपुराजवळच्या सालावास गांवीं होतात. नवलगुंद, वारंगळ आणि मिर्झापूर येथल्या सतरंज्यांना भौगोलिक निर्देशांकाचें कायदेशीर संरक्षणहि मिळालेलें आहे.

आतां तिसरें कूळ, गांठींच्या गालिच्याचें. ह्यांत ताणा आणि बाणा तर आहेतच. पण त्यांच्याशिवाय एक तिसरें सूत येतें आणि तेंच गालिच्याचें वैभव होय. विणकर ताण्याच्या दोन सुतांभोंवतीं रंगीत लोंकरीचा एक धागा गुंडाळतो, त्याचीं टोंकें पुढें ओढतो आणि सुरीनें कापतो. एक गांठ झाली. मग शेजारची, मग तिच्या शेजारची. एक ओळ पुरी झाली म्हणजे बाण्याचे एकदोन फेरे घालून पंज्यानें ठोकतो, आणि पुन्हां पहिल्यापासून. पुढें आलेलीं हीं असंख्य टोंकें शेवटीं कात्रीनें सारखीं करतात. आपण हात फिरवितों ती लव म्हणजे हींच टोंकें.

गांठ मारण्याच्या रीती मुख्यतः दोन. त्या समजण्यासाठीं आपल्या डाव्या हाताचीं दोन बोटें समोर उभीं धरा. हीं ताण्याचीं दोन सुतें. एक दोरी दोन्ही बोटांच्या पुढून आडवी न्या. तिचीं दोन्ही टोंकें बाहेरच्या बाजूंनीं मागें वळवा आणि दोन बोटांच्या मधून पुढें ओढा. ही झाली तुर्की गांठ. दोन्ही बोटांना सारखाच वेढा बसतो, म्हणून तिला समांग गांठ म्हणावी. आतां दोरी सोडा. ह्या वेळीं एकाच बोटाला पुरा वेढा द्या आणि दुसऱ्या बोटाच्या नुसती पाठीमागून न्या. एक टोंक दोन बोटांच्या मधून वर येईल आणि दुसरें बाहेरून. ही इराणी गांठ. हिला विषमांग म्हणावें. तुर्की गांठ घट्ट आणि खणखणीत बसते. इराणी गांठ जवळजवळ दाटीनें मारतां येते, म्हणून वेलबुट्टीचीं नाजूक वळणें तिच्यांत चांगलीं साधतात. काश्मीर आणि भदोही येथल्या गालिच्यांत हीच आढळते. तिबेटी विणकराची तऱ्हा आणखी वेगळी. तो ताण्यासमोर एक सळई आडवी धरतो, धागा ताण्यावरून आणि सळईवरून गुंडाळीत जातो, आणि ओळ संपली म्हणजे सळईवरचे फांसे सुरीनें एकदम कापून टाकतो.

येथें एक लबाडीहि सांगून ठेवतों. दोन सुतांवर मारावयाची गांठ चार सुतांवर मारली तर निम्म्या गांठींत तेवढीच जागा भरते. इराणांत तिला जुफ्ती म्हणतात. वरून पाहणाऱ्याला फरक चटकन् कळत नाहीं. परंतु लव विरळ होते आणि गालिचा लवकर झिजतो. विणकराचा वेळ वांचतो, दलालाचा पैसा वांचतो आणि वापरणाऱ्याचा गालिचा जातो.

आतां नांवांच्या गोंधळाकडे वळूं. विषमांग गांठीला व्यापारांत 'सेन्ने' गांठ म्हणतात. सेन्ने म्हणजे इराणी कुर्दिस्तानांतील सनंदज शहर. मौज अशी कीं, त्या शहराचे विणकर स्वतः समांग, म्हणजे तुर्की गांठच मारतात! तांबड्या जमिनीवर अष्टकोनी पदकांच्या ओळी असलेले गालिचे 'बुखारा' नांवानें विकले जातात. ते विणले मुख्यतः तुर्कमेन टोळ्यांनीं, आणि बुखारा ही त्यांच्या विक्रीची पेठ. तुर्कस्तानांतील कांहीं जुन्या गालिच्यांना युरोपांत 'होलबाईन' म्हणतात. होलबाईन हा विणकर नव्हे, चित्रकार. त्याच्या चित्रांत असे गालिचे दिसतात. १५३३ च्या त्याच्या प्रसिद्ध चित्रांत तर दोन राजदूतांच्या मधल्या मेजावर एक गालिचा पसरलेला आहे, कारण त्या काळीं युरोपांत तो पायाखालीं घालण्याइतका स्वस्त नव्हता. म्हणजे एक नांव चुकीच्या गांवाचें, दुसरें बाजाराचें आणि तिसरें चित्रकाराचें. आजकाल तर कोणत्याहि गांवची नक्षी कोणत्याहि गांवीं विणतात. म्हणून विकणाऱ्यानें नांव सांगितलें म्हणजे आपण मान डोलवावी, आणि गालिचा उलटा करण्यास सांगावें.

पाठ काय सांगते? पहिली गोष्ट, पुढची नक्षी पाठीवर स्वच्छ दिसली पाहिजे, कारण प्रत्येक गांठीचा वेढा मागच्या बाजूस उमटतो. दुसरी, त्या वेढ्यांच्या ओळींत किंचित् उणेंअधिक असलें पाहिजे. यंत्राच्या ओळी पट्टीनें आंखल्यासारख्या असतात. माणसाचा हात सकाळीं आणि सायंकाळीं सारखा पडत नाहीं. तिसरी गोष्ट झालरीची. हातविणीच्या गालिच्यांत झालर म्हणजे ताण्याचींच उरलेलीं टोंकें, म्हणून ती वस्त्राच्या पोटांतून निघते. ती मागाहून शिवलेली आढळली तर सावध व्हावें. दुरुस्तीसाठीं कोणी झालर जोडते हें खरें. पण तसें असेल तर विकणाऱ्यानें तें सांगितलें पाहिजे. चौथी गोष्ट गणिताची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

पाठीवर एक इंच लांबी आणि एक इंच रुंदी मोजून त्यांतल्या गांठी मोजाव्या. समजा, एका चौरस इंचांत २०० गांठी भरल्या. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब असा बेताचा गालिचा घेतला तर त्याचे ३,४५६ चौरस इंच होतात, आणि गांठी होतात ६,९१,२००. चांगला विणकर दिवसाकांठीं ८,००० गांठी मारतो असें धरलें तर एका माणसाचे ८६ दिवस त्यांत गेले. लोंकर, रंग, कात्रीकाम आणि धुलाई ह्यांचा खर्च निराळाच. असा गालिचा कोणी कवडीमोलानें देऊं लागला तर दोहोंपैकीं एक खरें असलें पाहिजे. एक तर त्या गांठी नाहींत, किंवा त्या ८६ दिवसांची मजुरी कोणाची तरी बुडाली आहे.

गांठींची संख्या म्हणजेच गुण, असें मात्र कोणी समजूं नये. टोळीवाल्यांचा किंवा तिबेटी गालिचा चौरस इंचास साठ गांठींचाहि असतो. पण लोंकर जर सकस आणि तेलकट असेल, तर तो एका पिढीला पुरून उरतो. बारीक गांठ बारीक नक्षीसाठीं लागते. ठळक नक्षीला ठळक गांठच शोभते. संख्येवरून श्रम कळतात. सौंदर्य आपल्या डोळ्यांनींच ठरवावें लागतें.

ही विद्या किती जुनी आहे? १९४९ सालीं सैबेरियांतील अल्ताई पर्वतांत, पाझिरिक येथील एका बर्फानें भरलेल्या थडग्यांत, रुदेन्को ह्या संशोधकाला एक गालिचा सांपडला. थडग्यांत पाणी शिरून गोठलें होतें, म्हणून लोंकर कुजली नाहीं. सुमारे १८३ सेंटिमीटर रुंद आणि २०० सेंटिमीटर लांब असा हा गालिचा ख्रिस्तपूर्व काळांतला, दोन हजार वर्षांहून जुना आहे. त्याच्या कांठावर घोडेस्वार आहेत, सांबरें चरत आहेत, आणि गांठ समांग असून चौरस इंचास २३० च्या आसपास भरते. म्हणजे उपलब्ध गालिच्यांतला हा वडील मनुष्य नवशिक्याचा मुळींच दिसत नाहीं! त्याच्यामागें कित्येक पिढ्यांचा सराव असला पाहिजे.

दुसरा एक गालिचा लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहे. तो इराणांतील अर्दबिल येथील दर्ग्याचा. लांबी साडेदहा मीटर, रुंदी सव्वापांच मीटरांहून थोडी अधिक, ताणा आणि बाणा रेशमाचा, लव लोंकरीची, आणि गांठी सुमारे २ कोटी ६० लक्ष. त्याच्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी १५३९-४० हें साल आणि मकसूद काशानी हें नांव विणलेलें आहे. १८९३ सालीं संग्रहालयानें तो २,००० पौंडांस घेतला. मकसूदनें काम करवून घेतलें असेल. इतक्या गांठी एका माणसाच्या हातून होत नाहींत. ज्यांनीं त्या मारल्या त्यांचीं नांवें कोठेंच नाहींत. त्यांची सही म्हणजे गालिच्याची पाठ.

हिंदुस्थानांत ह्या कलेला राजाश्रय दिला तो अकबरानें. आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथें त्यानें कारागीर बसविल्याची हकीकत अबुल फजलच्या 'आइने अकबरी'त आहे. काश्मिरांत नक्षी लिहून ठेवण्याची एक निराळी पद्धत रूढ झाली. तिला तालीम म्हणतात. कागदावर चित्र नसतें. किती गांठी कोणत्या रंगाच्या, ह्याच्या खुणा ओळीनें लिहिलेल्या असतात. एक जण त्या मोठ्यानें वाचतो आणि मागावरचे विणकर ऐकून गांठी मारतात. विणणाऱ्याला पुढें कोणतें फूल उमलणार हें डोळ्यांना दिसत नसतें. तो कानांनीं विणतो. आजच्या ह्या कानांच्या भाषणांत त्याची आठवण व्हावी हें योग्यच आहे!

दख्खनचेहि गालिचे एके काळीं दूरवर जात. सतराव्याअठराव्या शतकांत डच जहाजांतून ते जपानांत गेले. क्योटो शहरांतील गिओन उत्सवाच्या रथांवर लावण्यासाठीं ते पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेले आहेत. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत वारंगळच्या गालिच्यांनीं जाणकारांचें लक्ष वेधलें होतें. परंतु एवढ्यांतच ह्या धंद्यावर दोन संकटें आलीं. पहिलें रंगांचें. १८५६ सालीं पर्किननें पहिला कृत्रिम रंग काढला आणि थोड्याच वर्षांत स्वस्त रंगांचा बाजारांत सुळसुळाट झाला. मंजिष्ठाचा तांबडा, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा हे रंग वयाबरोबर शांत होतात. ते पहिले कृत्रिम रंग मात्र उन्हानें उडत आणि पाण्यानें पसरत. पुढें चांगले कृत्रिम रंगहि निघाले, म्हणून सरसकट त्यांना नांवें ठेवणें बरोबर नाहीं. आपण एवढेंच करावें: लव बोटांनीं फांकून मुळाशीं पाहावें, टोंकाचा आणि मुळाचा रंग फारच वेगळा असला, तर रंग कच्चा आहे. ओल्या पांढऱ्या फडक्यानें एक कोपरा चोळून पाहावा. फडकें रंगलें तर गालिचा परत द्यावा.

दुसरें संकट तुरुंगांचें. एकोणिसाव्या शतकांत लाहोर, आग्रा आणि आपल्या पुण्याचा येरवडा अशा तुरुंगांतून कैद्यांकडून गालिचे विणून घेऊं लागले. त्यांतले कांहीं फार सुरेख होते. विंड्सरच्या राजवाड्यांत आग्र्याच्या कैद्यांनीं राणी व्हिक्टोरियासाठीं विणलेला प्रचंड गालिचा आहे. पण ज्याच्या मजुरीचा खर्च नाहीं त्याच्याशीं पोट भरणाऱ्या विणकरानें स्पर्धा कशी करावी? बेळगांवांत जन्मलेले आणि मुंबईंत दीर्घकाळ काम केलेले जॉर्ज बर्डवुड ह्यांनीं १८८० सालच्या आपल्या हिंदी कलांवरील ग्रंथांत कृत्रिम रंग आणि तुरुंगांतील माग ह्या दोहोंवरहि कडक टीका केली आहे.

तुरुंगानंतर पाळी आली मुलांची. भदोही आणि मिर्झापूर ह्या गालिच्यांच्या मुलुखांत लहान मुलांना मागावर बसविण्याची वाईट चाल पडली. 'चिमुकलीं बोटें बारीक गांठ चांगली मारतात' असें तिचें समर्थन करीत. हें समर्थन खरें नव्हे. अति बारीक गांठीचें काम मुरलेल्या हातांकडेच जातें. मुलांना बसवीत तें त्यांची मजुरी कमी म्हणून आणि तीं उलट बोलत नाहींत म्हणून. १९८६ च्या कायद्यानें गालिच्यांच्या कामावर मुलांना लावण्यास बंदी झाली, आणि १९९४ सालीं 'रगमार्क' ही खूण निघाली. मुलांचे श्रम न लावतां विणलेल्या गालिच्यांवर ती लावीत. पुढें तिचें नांव 'गुडवीव्ह' झालें. गालिचा घेतांना अशी खूण मागण्यास आपण संकोचूं नये.

आणि आतां माझ्या आप्तांच्या गालिच्याकडे परत येतों. तो होता टफ्टेड गालिचा. त्यांत ताणा नाहीं, बाणा नाहीं, गांठ नाहीं. ताणलेल्या कापडावर नक्षी काढतात आणि बंदुकीसारख्या एका हत्यारानें त्यांत लोंकरीचे धागे भराभर खुपसतात. ते सुटूं नयेत म्हणून मागून रबराचा थर देतात, आणि तो दिसूं नये म्हणून वर कापड चिकटवितात. गांठींच्या गालिच्याला जेथें महिने लागतात, तेथें ह्याचें काम दिवसांत उरकतें. हें हत्यार चालविणाराहि कारागीरच आहे, आणि टफ्टेड गालिचा टफ्टेड म्हणून, त्याच्या योग्य किंमतींत विकला तर त्यांत गैर कांहींच नाहीं. गैर आहे तें नांव बदलणें. कारण त्या खोट्या नांवाखालीं गिऱ्हाईक फसतें तें एकदांच, पण जो विणकर ८६ दिवस मागाशीं बसतो, त्याला व्यापारी विचारतो, "असाच गालिचा इतक्या स्वस्तांत मिळतो, मग तुझा एवढा महाग कां?" त्या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर आहे, परंतु तें पाठीवर लिहिलेलें आहे आणि आपण पाठ वाचीत नाहीं. मग तो आपल्या मुलाला मागावर बसवीत नाहीं; तें योग्यच. पण तो मुलगा मोठा झाल्यावरहि मागाकडे परत येत नाहीं, आणि एका घरांतील विद्या तेथेंच संपते. माझ्या आप्तांच्या पैशापेक्षां मोठें नुकसान मी म्हणालों तें हें.

तेव्हां, श्रोतेहो, आज मी आपल्याला एकच विनंती करणार आहे. गालिच्यांचीं शेंकडों नांवें पाठ करण्याची गरज नाहीं. आपण बसलां आहां त्या बैठकीवर सतरंजी किंवा गालिचा असेल, तर हें भाषण संपल्यावर त्याचा एक कोपरा उलटून पाहा. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर ती सपाट वीण आहे, आणि कोणीतरी ती पंज्यानें ठोकून बसविली आहे. गांठींचे उंचवटे दिसले तर एक इंच मोजा आणि मघांचें गणित करून पाहा. आपल्या पायाखालीं कोणाचे किती दिवस अंथरलेले आहेत तें कळेल. चिकटविलेलें कापड दिसलें तर रागावूं नका. फक्त त्याला त्याच्या खऱ्या नांवानें ओळखा. आणि पुढच्या वेळीं दुकानांत गेलां म्हणजे विकणाऱ्याचें बोलणें नम्रपणें ऐकून घ्या, आणि मग म्हणा, "जरा उलटा करून दाखवा."